चित्रातलं झाड, आळ्यातलं झाड

बांधकामाभोवती पत्र्याचं कुंपण उभं राहिलं की थोड्याच दिवसांत त्यावर भलं मोठं चित्र लागतं. पन्नास मजल्यांचा टॉवर, मागे संध्याकाळचं आकाश, काचांवर त्याचा केशरी रंग. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आपोआप वर जाते, कारण चित्र काढलेलंच त्यासाठी असतं. मला मात्र चित्राचा तळ बघायची सवय लागली आहे. तिथे रुंद, नुकताच पुसून घेतल्यासारखा फुटपाथ असतो, फोनवर बोलत चाललेली एक बाई असते, बाबागाडी ढकलणारा एक बाप असतो आणि झाडं असतात. झाडं नसलेलं असं चित्र मी अजून पाहिलेलं नाही. आणि झाडं तरी कशी? तिसऱ्या मजल्याला टेकलेली, डेरेदार, एका पानाला कीड नाही, पानगळ तर त्यांना ठाऊकच नाही. इमारतीचा पाया अजून खणायचाय आणि दारातली झाडं मात्र चाळिशीला पोचलेली!

यथावकाश टॉवर उभा राहतो, पत्रे निघतात आणि खरी झाडं दिसतात. मनगटाएवढं खोड, तीन बाजूंनी काठ्यांचा आधार, शेंड्याला मूठभर पानं. यावरून लगेच नावं ठेवण्यात अर्थ नाही. रोप लहानच असणार आणि लहान रोप नव्या जागी लवकर रुळतं, हेही खरं. त्या रोपाची चित्रातल्याइतकं मोठं व्हायची सोय केली आहे का, एवढंच बघायचं. ते रोप लावायच्या किती तरी आधी, जमिनीखाली ठरून गेलेलं असतं आणि फुटपाथवरून दिसत नाही.

माझी एक मैत्रीण लँडस्केपची कामं करते. तिच्या टेबलावर मी पहिल्यांदा अशा एका टॉवरचा छेद, म्हणजे तो वरून खालपर्यंत उभा कापून दाखवणारा आराखडा, नीट बघितला. “अगं, ते रंगीत चित्र ठेव बाजूला,” ती म्हणाली, “झाडाचं पुढे काय होणार ते बघायचं तर इथे बघ.” तिची पेन्सिल जमिनीच्या रेघेखाली होती. पार्किंगची तळघरं टॉवरपुरती नव्हती, पार प्लॉटच्या हद्दीला जाऊन भिडली होती. म्हणजे इमारतीसमोरचं जे मोकळं आवार आपण जमीन समजून चालतो, ती खरं तर एक गच्ची. तिच्यावर वॉटरप्रूफिंग, मग निचऱ्याचा थर, मग माती, मग फरशी. माती किती, तर दीड फूट. कारण ओली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते आणि तेवढा भार पेलायचा तर स्लॅब जाड, तुळया मोठ्या, खांब जवळजवळ. म्हणजे खर्च वाढला आणि खाली गाड्यांना वळायला जागा कमी. हद्दीच्या बाहेर, सार्वजनिक फुटपाथखाली, वेगळीच गर्दी: पाण्याची लाइन, मलवाहिनी, विजेच्या केबल, गॅस, इंटरनेटचे पाइप. ज्याने त्याने आपापल्या वेळी खणून, सापडेल त्या जागेतून नेलेलं. ही गर्दी आणि तळघराची भिंत यांच्यामध्ये जे उरतं ते झाडाचं.

मोठ्या झाडाची मुळं पाताळात जातात असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि आडवी पसरतात, डेऱ्याच्या सावलीच्याही बरीच पलीकडे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि हवा वरच्या थरात असते. फुटपाथ बांधणाऱ्याचं काम नेमकं याच्या उलट. फरशी खचू नये म्हणून तो खालची जमीन धुमसून, रोलर फिरवून घट्ट करतो. मातीच्या कणांमध्ये ज्या पोकळ्यांत हवा आणि पाणी राहायचं, त्याच दाबल्या जातात. त्याने आपलं काम चोख केलेलं असतं. मुळं मग आळ्यातल्या आळ्यात गोल फिरत राहतात, नाही तर फरशी आणि खडी यांच्यातल्या फटीत थोडी हवा, थोडा ओलावा सापडतो तिथून सरपटत निघतात. पाच-सात वर्षांनी ती जाड होऊन फरशी उचलतात, कुणाला तरी ठेच लागते, तक्रार होते आणि मुळं तोडली जातात. ठपका अर्थात झाडावर.

फुटपाथवरचं नेहमीचं आळं साधारण सव्वा मीटर लांब, तेवढंच रुंद आणि मीटरभर खोल असतं. म्हणजे जेमतेम दीड घनमीटर माती. चांगल्या मातीच्या एका घनमीटरमध्ये झाडाला उचलता येईल असं पाणी मावतं दीडशे-दोनशे लिटर. आळं काठोकाठ भिजवलं तरी हाताशी अडीचशे-तीनशे लिटर. पूर्ण वाढलेलं झाड कडक उन्हाळ्यात तेवढं दोन-चार दिवसांत संपवतं, आणि नंतर पाऊस पडला तरी तो फरशीवरून गटारात जातो, आळ्यात नाही. टोरोंटो शहराने नव्या इमारतींसाठी जे पर्यावरणाचे निकष ठरवले आहेत त्यात एका झाडामागे 30 घनमीटर मातीची अपेक्षा आहे. दीड आणि तीस. नेहमीच्या आळ्याच्या वीसपट.

रस्त्यावरची झाडं सरासरी किती जगतात? बराच काळ सात वर्षं, तेरा वर्षं असे आकडे तोंडोतोंडी फिरत होते. लारा रोमन आणि फ्रेडरिक स्कॅटेना या दोघा संशोधकांनी 2011 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पुन्हा हिशोब मांडला, तेव्हा उत्तर 19 ते 28 वर्षं असं आलं. तोंडी आकड्यांपेक्षा बरंच बरं. पण लंडन प्लेनसारखं झाड मोकळ्या जमिनीत शंभर-दोनशे वर्षं आरामात काढतं, हे लक्षात घेतलं की आनंद थोडा ओसरतो. झाडाची सावली खऱ्या अर्थाने पडायला लागते ती विशी-पंचविशीत. म्हणजे सगळा खर्च, सगळं पाणी, सगळी निगा करायची आणि सावलीचा हंगाम सुरू व्हायच्या सुमाराला खोड कापून नवं रोप लावायचं.

माझ्या रोजच्या वाटेवर अशाच एका टॉवरच्या झाडांची रांग आहे. त्यातल्या कोपऱ्यापासून दुसऱ्या झाडाशी मी मुद्दाम थांबते. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीशी आल्यावर रुंदावतो, मुळांच्या सुरुवातीचे उंचवटे दिसतात. या झाडाचं खोड एकाच जाडीने सरळ मातीत शिरतं. म्हणजे एक तर लावतानाच ते खोल गेलंय किंवा नंतर कुणी वर मातीची भर टाकलीय; दोन्हीत बुंध्याची साल ओली राहते आणि कुजते. आधाराच्या काठीला बांधलेला रबरी पट्टा अजून तसाच आहे. काठी केव्हाच मोडली, पट्टा मात्र सालीत रुतलाय आणि त्याच्या वरच्या बाजूला खोड फुगलंय. रात्री झाड खालून उजळावं म्हणून आळ्यात एक दिवा पुरलाय, त्याची वायर खोडाला दोन वेढे घालून वर गेलीय. आळ्यात सिगारेटची थोटकं, एक चुरगळलेली पावती. आणि डेरा? रस्त्याच्या बाजूला बरा, इमारतीच्या बाजूला विरळ. मागे वळून बघितलं की कारण दिसतं: हाताच्या अंतरावर तळघराची हवा बाहेर फेकणारी जाळी आहे. दिवसभर त्या अर्ध्या डेऱ्यावर गरम, कोरडी हवा आदळत असते. झाडाची जागा ठरवणारा आणि जाळीची जागा ठरवणारा हे दोघं कधी एका खोलीत बसलेच नसावेत.

आळ्यावर बसवायच्या लोखंडी जाळीची गोष्टही अशीच. 19 व्या शतकात पॅरिसचे नवे रुंद रस्ते आखले गेले, आल्फां या अभियंत्याच्या देखरेखीखाली त्यांच्या दुतर्फा झाडं लागली, तेव्हा अशा जाळ्याही बसल्या. कल्पना उत्तम होती: लोक वरून चालतील, माती दबणार नाही, पाणी आत जाईल. पण जाळीच्या मधलं वर्तुळ खोड जाड होईल तसं मोठं करत न्यावं लागतं. ते करणारा माणूस पगारावर असेल तोवर जाळी झाडाला राखते. तो गेला की तीच गळ्याला बसते.

उपाय नाहीत असं नाही, आणि ते नवेही नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात निना बॅसक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात दगड-मातीचं एक मिश्रण तयार केलं: वजनाने साधारण चार भाग फोडलेली खडी आणि एक भाग माती. रोलर फिरवला की खडी एकमेकींवर टेकून भार घेते आणि मधल्या पोकळ्यांतली माती मोकळी राहते. स्टॉकहोमने याच विचाराचं आपलं रूप काढलं. तिथे दहा-पंधरा सेंटिमीटरचे मोठे दगड रचून घट्ट करतात, मग वरून पाण्याच्या फवाऱ्याने त्यांच्या फटींत माती उतरवतात. त्यावर नुसत्या दगडांचा हवेचा थर ठेवतात आणि फुटपाथवरचं पावसाचं पाणी खास तोंडातून आत घेतात, म्हणजे एरवी गटारात जाणारं पाणी झाडाला मिळतं आणि मुळांतला वायू बाहेर पडायला वाटही होते. पुढे या शहराने लोकांच्या बागांतला काडीकचरा जाळून त्याचा कोळसा या मिश्रणात वापरायला घेतला. तिसरा मार्ग म्हणजे प्लॅस्टिकचे मजबूत सांगाडे जमिनीखाली मांडून वरची फरशी त्यांच्यावर तोलायची. सांगाड्यांच्या पोटात माती भुसभुशीत राहते. टोरोंटोच्या ब्लोर स्ट्रीटवर महागड्या दुकानांपुढे ग्रॅनाइटच्या फरशीखाली अशीच सोय करून लंडन प्लेन लावलेत.

स्लॅबवर मोठी झाडं होतच नाहीत असं कुणी म्हणालं, तर मी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागेवरच्या स्मारकाचं उदाहरण देते. 2011 मध्ये ते उघडलं. तिथे चारशेहून अधिक झाडं आहेत, बहुतेक स्वॅम्प व्हाइट ओक जातीची, आणि त्यांच्या पायाखाली संग्रहालय, रेल्वे, यंत्रांच्या खोल्या असं सगळं आहे. म्हणजे तीही गच्चीच. पण फरशी अधांतरी तोललेली आणि तिच्याखाली झाडांसाठी मातीचे लांबच लांब सलग चर. शिवाय झाडं आदल्या काही वर्षांपासून न्यू जर्सीतल्या रोपवाटिकेत या जागेसाठी म्हणून वाढवलेली. तिथे ते जमलं कारण झाडं हा त्या जागेचा मुख्य मजकूर होता. टॉवरच्या दारात झाड हा मजकुराभोवतीचा नक्षीचा काठ असतो. मैत्रीण म्हणते, “आमचं काम अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानावर असतं गं, आणि पैसे कमी पडले की कात्री शेवटच्या पानापासून लागते.” टॉवर पूर्ण होईतो व्याज वाढलेलं, काचा महागलेल्या, लिफ्ट उशिरा आलेल्या. मग मातीचा सांगाडा रद्द होतो, झाडांची संख्या तेवढीच राहते. संख्या परवानगीच्या कागदावर असते ना! माती मोजायला कुणी येत नाही.

इथूनच प्लँटरचा, म्हणजे माती भरलेल्या बांधीव कुंडीचा जन्म होतो. जमिनीत खोली मिळाली नाही की भिंती वर उचलायच्या. मला प्लँटरचा सरसकट राग नाही. झुडपं, गवतं, वेली यांना पाऊण मीटर माती पुष्कळ झाली, आणि ती नीट लावलेली असतील तर काचेच्या उंच भिंतीखाली चालताना डोळ्यांना काही तरी माणसाच्या मापाचं मिळतं. पण प्लँटरमधलं झाड ही कायमची उसनवारी असते. चारी बाजूंच्या भिंती उन्हात तापतात, थंडीत गारठतात, आणि मुळं नेमकी भिंतीलगतच गोळा होतात. पाणी वरून घातलं नाही तर येणार कुठून? ठिबकची नळी एकदा तुंबली की आठवडाभरात पानांच्या कडा करपतात, आणि तुंबलीय हे कळेपर्यंत आठवडा गेलेला असतो. तेव्हा झुडपांना प्लँटर आणि झाडांना जमीन, एवढा साधा नियम पाळला तरी निम्मं काम होईल असं माझं मत आहे. जमीन नाहीच म्हणत असाल, तर झाड दाखवू नका.

प्लँटरचा खरा उपयोग त्याच्या काठाचा आहे. विल्यम व्हाइट या निरीक्षकाने 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या टॉवरांपुढे लोकांसाठी सोडलेल्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे रोखले आणि लोक कुठे बसतात ते मोजलं. निष्कर्ष इतका साधा निघाला की हसू यावं: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. एक ते तीन फूट उंचीचं काहीही चालतं, पायरी असो, कट्टा असो, कारंज्याचा काठ असो. या चौकांमागे एक सौदा होता. 1958 मध्ये सीग्राम इमारत पूर्ण झाली, ती रस्त्यापासून मागे सरकून, पुढे ग्रॅनाइटचा चौक सोडून. तो सगळ्यांना भावला आणि 1961च्या नियमावलीत शहराने बिल्डरांना सांगितलं, तुम्ही चौक द्या, आम्ही जादा बांधकाम देतो. सर्वांत दाट भागात एक चौरस फूट चौकाला दहा चौरस फूट मजला. बिल्डरांनी मजले घेतले आणि चौक म्हणून ओकीबोकी फरशी दिली. व्हाइट यांच्या मोजमापांनंतर 1975 मध्ये नियम बदलले. चौकाच्या दर 30 चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक आली. झाडांसाठीही आलं, आणि त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे नियमाने रोपाच्या जाडीबरोबर मातीही सांगितली: एका झाडाला किमान 200 घनफूट. आजच्या हिशोबाने ती कमीच, सहा घनमीटरही नाही. पण माती लिहून मागितली होती. आधी दिलेल्या चौकांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. 2000 साली अभ्यासक जेरल्ड केडन यांनी अशा 503 जागांची पाहणी प्रसिद्ध केली तेव्हा त्यांतल्या 41 टक्के जागा जवळपास निरुपयोगी ठरल्या.

आज बैठक द्यायची पण बसू द्यायचं नाही, अशी एक कला विकसित झाली आहे. प्लँटरचा काठ बरोबर बसण्याच्या उंचीचा असतो आणि त्यावर हाताच्या अंतराने स्टीलची बटणं ठोकलेली असतात. विचारलं तर स्केटबोर्डवाल्या पोरांसाठी आहेत म्हणून सांगतात. काही ठिकाणी काठ बाहेरच्या बाजूला उतरता करतात, म्हणजे बसलेला माणूस हळूहळू घसरत उठतो. लोकही हार मानत नाहीत. माझ्या वाटेवरच्या टॉवरपाशी दुपारच्या सुट्टीत दोन सफाई कामगार बायका पुठ्ठा घडी करून बटणांवर टाकतात आणि त्यावर बसतात. उठताना पुठ्ठा प्लँटरमधल्या झुडपामागे सरकवून ठेवतात, उद्यासाठी. त्या प्लँटरची रचना ज्याने केली त्याच्यापेक्षा त्याचा उपयोग या दोघींना जास्त कळलाय.

आता वाऱ्याचं. टॉवरच्या पायाशी वारा अंगावर येतो तो भास नसतो. उंचावर वारा जोरात वाहतो, रुंद भिंतीवर आदळतो आणि त्यातला बराचसा भिंतीवरून खाली उतरून फुटपाथवर येतो, कोपऱ्याशी वेग घेतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस नावाच्या टॉवरपाशी 2011 मध्ये अशा वाऱ्याने एक लॉरी उलटली आणि एक पादचारी जिवानिशी गेला. त्यानंतर काही वर्षं जोराचा वारा असला की तिथला रस्ता बंद ठेवावा लागे. शेवटी वारा अडवणारे मोठे पडदे उभारले. लंडनच्या जुन्या व्यापारी भागाने 2019 मध्ये नव्या टॉवरांसाठी वाऱ्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आता होतं असं, की वाऱ्याच्या अहवालात ‘झाडांमुळे वेग कमी होईल’ असं वाक्य येतं. येऊ दे, दाट डेरा वारा अडवतो हे खरंच आहे. पण कोणता डेरा? अहवालातलं झाड पूर्ण वाढलेलं, पानांनी भरलेलं. लावलेलं मनगटाएवढं, पानगळीचं, आणि वारा बऱ्याच ठिकाणी सर्वांत जोराचा असतो तो नेमका त्याच्या फांद्या उघड्या असताना. शिवाय ज्या झोतात माणसाला उभं राहवत नाही तिथे कोवळं झाड उभं करून त्याच्याकडून संरक्षण मागायचं, म्हणजे हद्द झाली. वारा इमारतीने स्वतःच्या अंगावर घ्यायचा असतो. खाली चार-पाच मजल्यांचा रुंद तळ, म्हणजे पोडियम, ठेवून टॉवर मागे घेतला की उतरणारा झोत पोडियमच्या गच्चीवर विरतो. व्हँकुव्हरच्या मध्यभागातले सडपातळ टॉवर बरेचसे असे बुटक्या तळावर उभे आहेत, आणि त्यांच्या फुटपाथांवर झाडं सुखात दिसतात ती काही योगायोगाने नाही.

इटलीतल्या मिलानमधल्या ‘बॉस्को व्हर्टिकाले’ या झाडांनी भरलेल्या दोन टॉवरांचा विषय निघतोच, तेव्हा थोडक्यात: 2014 मध्ये पूर्ण झाले, रचना स्तेफानो बोएरी यांची, बाल्कन्यांत मिळून आठशेच्या आसपास झाडं. लोक त्याला दिखावा म्हणतात. पण तिथे झाडांची वाऱ्याच्या बोगद्यात चाचणी झाली, मुळं बांधून ठेवली गेली, आणि छाटणीला माळी दोरावरून खाली उतरतात. दिखावा असेल, पण त्याचा खर्च मान्य करून केलेला आहे. बाकीच्यांची नक्कल बघितली की मूळ रचनेबद्दल आदर वाढतो.

फुटपाथची आखणी तशी सोपी आहे. इमारतीला लागून एक पट्टा दरवाजे, पायऱ्या, दुकानांच्या पाट्यांचा. मध्ये चालण्याचा पट्टा, पूर्ण मोकळा. आणि रस्त्याच्या कडेला तिसरा पट्टा, ज्यात झाडं, दिवे, बाक, कचरापेट्या, सायकली. अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेने मधला पट्टा दाट व्यापारी भागात आठ ते बारा फुटांचा असावा असं सुचवलं आहे. भांडण असतं ते तिसऱ्या पट्ट्यावर. टॉवरला गाड्या थांबायला खाच हवी असते, आणि ती खाच तिसराच पट्टा खाते. मग झाड चालण्याच्या पट्ट्यात ढकललं जातं, पांढरी काठी घेतलेला माणूस त्यावर येऊन आदळतो आणि पुढच्या बैठकीत झाडच नको असा ठराव होतो.

या सगळ्यात जुन्या झाडाचं काय होतं ते वेगळंच. टॉवरच्या जागेवर आधी काही तरी असतं आणि त्याच्यासमोर बहुधा एखादं मोठं झाड असतं. ते कापायची परवानगी मागताना ‘एकाच्या बदल्यात दोन’ किंवा ‘तीन’ लावू असं लिहितात. 60 सेंटिमीटर व्यासाच्या एका खोडाच्या छेदात साडेसात सेंटिमीटरची 64 खोडं बसतात. तेही फक्त लाकडाच्या क्षेत्रफळाचा हिशोब. पानांचा, सावलीचा निराळा. मेलबर्न शहराने झाडाची किंमत काढून ती तोडणाऱ्याकडून वसूल करायची पद्धत ठेवली आहे. त्याच शहराने झाडांना क्रमांक आणि ई-मेल पत्ते दिले होते, मोडकी फांदी कळवता यावी म्हणून. लोकांनी झाडांना प्रेमपत्रं लिहिली. मला त्या कौतुकापेक्षा किंमत लावण्याचा नियम जास्त आवडतो, कारण किंमत लागली की आर्किटेक्ट इमारत दोन मीटर सरकवून बघतो. एरवी ते शक्यच नसतं म्हणतात.

आणि निगा. रोप लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षं पाणी वेळच्या वेळी लागतं. कंत्राटाची जबाबदारी बऱ्याचदा वर्षभराची. वर्षअखेरीस झाड हिरवं दिसलं की बिल मंजूर होतं. जबाबदारी तीन वर्षांची केली आणि अनामत तेवढा काळ अडकवून ठेवली, तर काठीचे पट्टे कुणी तरी वेळेवर सोडेल असं मला वाटतं.

सध्या मैत्रिणीच्या टेबलावर एक काम आहे. तिने रस्त्याच्या बाजूचं तळघर तीन मीटर आत घ्या असं सुचवलंय, म्हणजे हद्दीलगत खालपर्यंत अखंड जमीन मिळेल आणि झाडांची रांग स्लॅबवर न येता तिथे येईल. पार्किंगच्या काही जागा जातात. बैठकीत ती एकटी पडेल असं तिला वाटलं होतं, पण संरचना अभियंत्याने तिची बाजू घेतली. झाडांशी त्याला देणंघेणं नाही. फुटपाथखालच्या लाइनींना खेटून खोल खोदकाम करायचं म्हणजे आधाराच्या भिंतीचा खर्च आणि डोक्याला ताप, तो तीन मीटरनी टळतो. बिल्डरने अजून हो म्हटलेलं नाही. पार्किंगच्या नेमक्या किती जागा जातात ते त्याने पुन्हा मोजायला सांगितलंय.